समुद्रातली चूल आणि एक हट्टी मंत्री

आमचे डिंगोरे गाव जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाच्या वाटेवर आहे. ओतूर मागे पडले की सह्याद्रीची भिंत जवळ येऊ लागते आणि पावसाळ्यात तर ढग थेट अंगणात उतरतात. पाहुण्याला हे दृश्य मोठे रम्य वाटते. पण माझ्या लहानपणी आषाढ लागला की घरातल्या बायकांच्या कपाळाला आठी पडायची. सरपण कितीही जपून माळ्यावर रचले तरी ओल धरायचेच. पहाटे आजी चुलीपुढे बसायची, फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे, घरभर धूर कोंडायचा आणि मग कुठे चहाचे आधण उकळायचे. चहाला धुराचा वास असतो, असेच आम्हा पोरांना वाटे.

पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला आणि त्याच्या मागोमाग रॉकेलची रांग आली. मग, मी बँकेत लागल्यावर पुष्कळ वर्षांनी, घरात गॅसची शेगडी आली. काडी ओढली, खटका फिरवला आणि निळी ज्योत उभी राहिली. आजी तेव्हा थकली होती. तिने ती ज्योत बराच वेळ पाहिली आणि हा जाळ येतो कुठून, असे विचारले. सिलिंडरमधून, एवढेच उत्तर मला देता आले. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधायला मला निवृत्तीनंतरची फुरसत लागली. ते शोधताना एका माणसाची गाठ पडली, ज्याचे नाव महाराष्ट्रातल्या घरांत फारसे घेतले जात नाही. त्यांचे नाव केशवदेव मालवीय.

हा जाळ कुठून येतो याच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्याच समुद्रात आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. त्याच्या पूर्वेला, किनाऱ्याच्या बाजूला, वसईच्या नावाने ओळखले जाणारे वायुक्षेत्र आहे. जुन्नरच्या माणसाला वसईचा किनारा परका नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजारपेठेतला माल नाणेघाटाने खाली उतरून सोपारा आणि कल्याणच्या बंदरांकडे जात असे. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. सोपारा म्हणजे वसईशेजारचे आजचे नालासोपारा. आपल्या पूर्वजांनी ज्या समुद्राकडे माल पाठवला, त्याच समुद्राच्या तळाखाली जाळ दडलेला होता, आणि त्याची कुणालाच कल्पना नव्हती.

केशवदेव मालवीय यांचा जन्म १९०४ सालचा, अलाहाबादचा. तरुणपणी ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले. मधल्या काळात त्यांनी कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत तेल तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले. तिथला तेलाचा अभ्यास मुख्यतः तेलबियांचा आणि साबणाचा. खनिज तेलाशी त्याचा संबंध बेताचाच. पण पुढे आयुष्यभर ज्या शब्दाने त्यांचा पिच्छा पुरवला, तो असा विद्यार्थिदशेतच त्यांच्या वाट्याला आला होता. स्वातंत्र्यानंतर त्यांनी उत्तर प्रदेशाच्या सरकारात काम केले आणि मग ते दिल्लीला गेले.

दिल्लीत मौलाना आझाद यांच्याकडे शिक्षणाबरोबरच नैसर्गिक साधनसंपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन हे खाते होते. मालवीय तिथे उपमंत्री झाले. खाते नावाला भारदस्त, पण तिथे ना मोठा पैसा ना मोठी सत्ता. महत्त्वाकांक्षी राजकारणी अशा खात्यात चुळबुळत बसतो. मालवीयांनी मात्र तिथे एक प्रश्न हाती घेतला. या देशाच्या जमिनीखाली तेल आहे की नाही, आणि असेल तर ते शोधायचे कुणी?

तेव्हाची परिस्थिती आज नीट आठवून पाहायला हवी. आसामात दिग्बोईला एकोणिसाव्या शतकापासून तेल निघत होते. बाकीचा देश परदेशी कंपन्यांच्या तेलावर चालत होता. बर्मा शेल, स्टँडर्ड व्हॅक्यूम आणि कॅलटेक्स ही नावे आमच्या पिढीला रस्त्यावरच्या पेट्रोल पंपांमुळे तोंडपाठ होती. पन्नाशीच्या दशकात यांपैकी दोघांचे तेलशुद्धीकरण कारखाने तुर्भ्याला, म्हणजे मुंबईच्या ट्रॉम्बेला उभे राहिले, तिसरा विशाखापट्टणमला. कच्चे तेल त्यांचेच, जहाजे त्यांचीच, भाव त्यांचाच. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमीही सरकारने दिलेली होती. आसाम सोडला तर भारतात शोधण्याजोगे तेल फारसे नाही, असाच सूर जाणत्या मंडळींत होता. ज्याच्या दुकानातून आपण माल घेतो, त्यालाच आपल्या परसात विहीर खणावी का असे विचारले, तर तो काय सांगणार?

मालवीयांनी वेगळ्या दारावर थाप मारली. १९५५ मध्ये भूगर्भशास्त्र खात्याच्या कुशीत तेल आणि नैसर्गिक वायूसाठी एक स्वतंत्र संचालनालय उभे राहिले. परदेशांतले तेलउद्योग पाहून येण्यासाठी मालवीय स्वतः शिष्टमंडळ घेऊन गेले. सोव्हिएत संघातून कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचे पथक आले, देशभर हिंडले, आणि इथे तेल असण्याची चांगली शक्यता आहे असा अहवाल त्यांनी दिला. १४ ऑगस्ट १९५६ रोजी संचालनालयाचा आयोग झाला. तोच आपला ओएनजीसी. मुख्यालय डेहराडूनला. सुरुवातीला माणसे थोडी, यंत्रे उसनी आणि अनुभव जवळजवळ शून्य.

पहिली विहीर १९५७ मध्ये ज्वालामुखीला खणली गेली. हा भाग आता हिमाचल प्रदेशात आहे. तिथल्या देवीच्या मंदिरात जमिनीतून आपोआप ज्योती निघतात, म्हणून आशा मोठी होती. पण त्या विहिरीतून धंद्याजोगे काही हाती लागले नाही. विरोधकांना बोलायला जागा मिळाली. मी बँकेत असताना पाहिले आहे, की पहिल्याच हप्त्याला अडखळलेल्या कर्जदाराकडे सगळे कसे संशयाने पाहू लागतात. तसे मालवीयांच्या खात्याचे झाले असणार. परंतु १९५८ मध्ये गुजरातेत खंभातजवळ लुणेज येथे तेल लागले आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला त्याहून मोठा साठा सापडला. पंडित नेहरूंनी अंकलेश्वरच्या विहिरीला वसुधारा हे नाव दिले.

त्याच १९६० साली दुसरी एक झुंज झाली. सोव्हिएत संघाने भारताला स्वस्त दराने कच्चे तेल देऊ केले. परदेशी कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करायला नकार दिला. वरवर पाहता मालवीयांचा डाव फसला. पण बाजारात दुसरा भाव सांगणारा कुणीतरी आहे, हे एकदा उघड झाल्यावर कंपन्यांना आपल्या तेलाच्या भावात सूट द्यावी लागली. मंडईत भाजी घेणारी कुठलीही गृहिणी ही युक्ती ओळखील. पलीकडच्या गाळ्याकडे नुसती मान वळवली तरी भाव उतरतो. पाठोपाठ सरकारी मालकीचे शुद्धीकरण कारखाने निघाले. गुवाहाटीचा कारखाना रुमानियाच्या मदतीने, बरौनी आणि कोयलीचे सोव्हिएत मदतीने. तेल विकण्यासाठी १९५९ मध्ये इंडियन ऑइल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. आज घरोघर पोचणाऱ्या सिलिंडरवर ज्या कंपन्यांची नावे असतात, त्यांतली एक हीच.

इथपर्यंतची गोष्ट एखाद्या विजयी वीराची वाटेल. पण मालवीयांच्या आयुष्यात १९६३ हे साल आहे, आणि ते वगळून त्यांची गोष्ट सांगणे प्रामाणिक होणार नाही.

ओरिसातल्या सिराजुद्दीन नावाच्या खाणमालकाच्या कंपनीचे हिशेब तपासताना मालवीयांचे नाव पुढे आले. निवडणुकीत पक्षाच्या एका उमेदवारासाठी त्यांनी या कंपनीला दहा हजार रुपये द्यायला सांगितले होते. पैसा स्वतःच्या घरात नेल्याची ही गोष्ट नव्हती. पण ज्या खात्याच्या हाती खाणी, त्याच खात्याच्या मंत्र्याने खाणवाल्याकडे पैसे मागावेत, हे कोणत्या न्यायात बसते? सर्वोच्च न्यायालयाच्या एस. के. दास या न्यायमूर्तींनी चौकशी केली. अहवाल जनतेसमोर आला नाही. मालवीयांना मात्र मंत्रिपद सोडावे लागले.

या प्रकरणावर मी पुष्कळ विचार केला. दहा हजारांचा आकडा आज कुणी मनावर घेणार नाही. त्याच्या कितीतरी पट रकमा आपण रोज वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो. पण बँकेत एक गोष्ट शिकलो. ताळेबंदात एक रुपया कमी पडला तरी रात्री उशिरापर्यंत सगळ्यांना बसावे लागे. रुपया महत्त्वाचा नसे. तो का चुकला हे कळणे महत्त्वाचे असे. मालवीयांनी पक्षाच्या खात्यात जमा केले आणि स्वतःच्या नावाला खर्च टाकला. त्यांची सारी कामगिरी मान्य करूनही ती नोंद पुसता येत नाही. आणि त्या काळी अशा नोंदीसाठी मंत्र्याला जावे लागत होते, हेही विसरता येत नाही.

नियतीचा खेळ पाहा. १९६३-६४ च्या त्याच सुमारास अकादमिक अर्खांगेल्स्की हे सोव्हिएत संशोधन जहाज खंभातच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेला समुद्रतळाची पाहणी करत होते. पाण्यात स्फोटांचे धक्के द्यायचे, तळाखालच्या खडकांवरून परत येणारे प्रतिध्वनी टिपायचे आणि त्यांवरून खडकांचा आकार कागदावर उतरवायचा, अशी ती पद्धत. या पाहणीत मुंबईच्या पश्चिमेला, समुद्राखाली, खडकांचा एक प्रचंड उंचवटा असल्याचे दिसले. तेच पुढचे मुंबई हाय. ज्या माणसाने हे सारे सुरू केले, तो तेव्हा मंत्रिपदावर नव्हता.

कागदावरचा उंचवटा आणि प्रत्यक्ष तेल यांत दहा वर्षे गेली. समुद्रात खणायचे तर तरती यंत्रणा हवी, आणि ती आपल्याकडे नव्हती. १९७० मध्ये भावनगरजवळ अलियाबेट येथे उथळ पाण्यात पहिला प्रयत्न झाला. मग जपानमध्ये मित्सुबिशीकडून सागर सम्राट बांधून घेण्यात आले. आपले प्रचंड पाय समुद्रतळावर टेकवून स्वतःला पाण्याच्या वर उचलून धरणारे हे जहाज. ३१ जानेवारी १९७४ रोजी त्याने मुंबई हायवर पहिली विहीर खणायला घेतली आणि १९ फेब्रुवारीला तेल लागले. वेळ अशी होती की आदल्याच वर्षी अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला होता. देशाच्या गरजेपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास तेल बाहेरून येत होते. रॉकेलच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना त्या दिवसांची वेगळी ओळख करून द्यायला नको.

त्याच वर्षी मालवीय मंत्रिमंडळात परतले आणि वर्षअखेरीस पेट्रोलियम खाते पुन्हा त्यांच्या हाती आले. वय सत्तरीचे. शोध लागला तेव्हा ते त्या खात्यात नव्हते, हे खरे. पण शोध लागणे आणि त्याचे तेल होऊन किनाऱ्याला येणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर कापायची जबाबदारी त्यांच्यावर आली.

हे अंतर काय असते, ते थोडे समजून घेऊ. तेल निघाले तर ते टाकीत भरता येते, जहाजात चढवता येते. मुंबई हायवर सुरुवातीला असेच केले. समुद्रातच जहाज उभे करून त्यात तेल साठवले आणि २१ मे १९७६ रोजी व्यापारी उत्पादन सुरू झाले. शोधानंतर सव्वादोन वर्षांत. समुद्रातल्या तेलाचा अनुभव नसलेल्या देशाला ही गती अभिमानास्पद होती. उरणपर्यंतची नळवाहिनी १९७८ मध्ये आली.

वायूचे मात्र तसे नाही. तो हंड्यात भरून ठेवता येत नाही. विहिरीपासून चुलीपर्यंत सगळी साखळी एकदम तयार लागते. आधी जादा विहिरी खणून साठा किती याचा अंदाज घ्यायचा. रोज किती काढला तर तो किती वर्षे पुरेल, याचे गणित मांडायचे. त्यावरून समुद्रातले फलाट किती आणि नळ किती जाडीचा, हे ठरते. नळ एकदा तळाशी टाकला की त्याची जाडी बदलता येत नाही, म्हणून वीस-पंचवीस वर्षांनंतरचा विचार पहिल्याच दिवशी करावा लागतो. किनाऱ्यावर तो कुठे आणायचा आणि तिथे घेणारे कोण, खताचा कारखाना की वीजकेंद्र, हेही आधीच ठरावे लागते. घेणारा तयार नसेल तर विहीर बंद ठेवायची, नाहीतर वायू जाळायचा. मुंबई हायवर तेलाबरोबर आपोआप वर येणारा वायू असाच पुष्कळ काळ मोठ्या प्रमाणात जाळावा लागला. आमच्या घरात आजी ओल्या काटक्या फुंकत होती त्या वर्षांत समुद्रावर रात्रंदिवस ज्वाळा जळत होत्या, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

वसईचे क्षेत्र १९७६ मध्ये, मालवीयांच्याच कारकिर्दीत सापडले. इथे वायू तेलाबरोबर येत नव्हता, स्वतंत्र होता. म्हणजे तो हवा तेव्हा काढता येणार, आणि म्हणूनच घाई करायचे कारण नव्हते. शिवाय त्यात गंधकाचा विषारी अंश होता. तो पोलाद खातो आणि माणसाला मारतो. तो वेगळा करण्याची यंत्रणा किनाऱ्यावर उभी करावी लागणार होती. अखेर हा वायू गुजरातेत हजिऱ्याला न्यायचे ठरले. तिथून मध्य प्रदेशातल्या विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत जाणारी लांबच लांब नळवाहिनी आखली गेली. तिच्यासाठी १९८४ मध्ये गेल ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. वाटेवर खतांचे कारखाने उभे राहिले. दक्षिण वसईचा वायू १९८८ मध्ये वाहू लागला. शोधानंतर बारा वर्षांनी. आपल्याकडे मुंबई हायच्या वायूवर उरणचे वीजकेंद्र आणि अलिबागजवळ थळचा खतकारखाना आले. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या युरियाच्या गोणीत समुद्रातल्या वायूचा अंश असतो, हे जुन्नरच्या किती बागायतदारांना ठाऊक असेल?

मालवीयांनी यातले थोडेच पाहिले. त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, १९७६ मध्ये, बर्मा शेल आणि वर्षअखेर कॅलटेक्स सरकारच्या ताब्यात आले. ज्यांच्याशी पूर्वी मंत्री म्हणून झुंज घेतली, त्यांचे कारखाने अखेर देशाच्या मालकीचे झाले. पण आणीबाणी संपली, १९७७ ची निवडणूक आली आणि मालवीय हरले. ज्या सरकारात ते होते त्याच्या कृत्यांची किंमत त्यांनाही चुकवावी लागली. त्याच वर्षी जागतिक बँकेने मुंबई हायच्या विकासासाठी १५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. एके काळी ज्या देशात तेल शोधणेच वेडेपणाचे मानले जाई, त्या देशाच्या समुद्रतळाकडे पाहून आता सावकार पैसे द्यायला तयार झाला होता. कर्जाच्या फायली चाळण्यात हयात गेलेल्या मला यापेक्षा मोठा सन्मान सुचत नाही. १९८१ मध्ये मालवीय वारले. डेहराडूनच्या तेलसंशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे.

त्यांच्यामागे काय झाले? ऐंशीच्या दशकाच्या मध्याला देशाच्या तेलाच्या गरजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास तेल घरचे होते, ते मुख्यतः मुंबई हायच्या जोरावर. पण हे सुख टिकले नाही. साठ्याचा दाब टिकावा म्हणून खाली पाणी सोडावे लागते. ते काम १९८४ मध्ये, उत्पादन सुरू झाल्यावर आठ वर्षांनी सुरू झाले. गरजेपोटी फार वेगाने तेल उपसले, अशी टीका पुढे जाणकारांनी केली. जमिनीखालचा साठा ही ठेव असते, पण तिला व्याज नसते. जे काढाल ते मुद्दलातून जाते. किती काढायचे आणि नातवंडांसाठी किती ठेवायचे, हा प्रश्न अभियंत्याचा जितका, तितकाच घरातल्या कर्त्या माणसाचा आहे. आज आपण कच्च्या तेलाचा बहुतांश भाग आणि सिलिंडरच्या गॅसचाही निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून आणतो. गिऱ्हाईक वाढले, विहीर तेवढी वाढली नाही.

आणि या जाळाची किंमत नुसत्या रुपयांत मोजता येत नाही. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पुराच्या पाण्यातून सावरत असताना, मुंबई हायवरच्या एका फलाटाला एक जहाज धडकले आणि काही तासांत तो फलाट आगीत नष्ट झाला. २२ माणसे गेली. शेगडी पेटवताना त्यांची आठवण ठेवायला हवी.

गेल्या दिवाळीत डिंगोऱ्याला गेलो होतो. आता गावात गॅस नसलेले घर शोधावे लागते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गरीब घरांतही शेगड्या आल्या. पण शेजारच्या वस्तीवर एका घरात शेगडीवर फडके झाकलेले दिसले आणि परसात चूल पेटलेली. सिलिंडर संपला की पुढचा घ्यायला पैसे जमवावे लागतात, असे त्या बाईने सांगितले. तिचे डोळे मला ओळखीचे वाटले. आमच्या आजीचे होते तसेच, धुराने लाल झालेले.

मालवीयांच्या हट्टाने समुद्रातला जाळ किनाऱ्याला आणून दिला. हजारो माणसांनी फलाट उभारले, नळ टाकले. आता उरले आहे ते अंतर किनाऱ्यापासून त्या बाईच्या चुलीपर्यंतचे. नकाशात पाहिले तर ते फार नाही. नाणेघाट चढला की जुन्नर आलेच. पण ते कापायला समुद्रात विहीर खणण्याइतकाच हट्ट लागणार आहे, आणि तो करणारे कुणीतरी पुन्हा एखाद्या दुर्लक्षित खात्यात बसलेले असावे, एवढीच इच्छा.